परदेशातली सुट्टी आणि आपली आखाजी

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘परदेशातले अनुभव’. सोबत दोन अटी घातल्या. वीस मिनिटांत आटपायचं आणि तिकडे पगार किती होता हे सांगायचं नाही. दुसरी अट मला फार आवडली. पहिलीचं बघू. शाळेत असताना तास संपल्याची घंटा झाली की मी सगळ्यांत आधी बाहेर असायचो, हे समोर बसलेल्या सरांना आठवत असेलच.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे, मी पवनचक्क्यांच्या कामातला माणूस. आपल्या तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि माझ्यासारख्या कित्येक पोरांना घराजवळ काम मिळालं. तेच काम मला 2012 साली जर्मनीत घेऊन गेलं. उत्तर समुद्राकाठी, वेझर नदीच्या मुखाशी ब्रेमरहाफेन नावाचं बंदर आहे. तिथे मी सात वर्षं राहिलो. वारा ब्राह्मणवेललाही आहे आणि तिथेही आहे. फरक एवढाच, की तिथला वारा मे महिन्यातसुद्धा स्वेटर घालायला लावतो.

कामाबद्दल मी बोलणार नाही. यंत्र सगळीकडे सारखंच असतं. माणसं काम संपल्यावर काय करतात आणि काय खातात, खरं नवल तिथे आहे.

पहिलं नवल पहिल्याच दुपारी वाट्याला आलं. बारा वाजता वर्कशॉपमध्ये समोरून येणारा प्रत्येक जण मला एकच शब्द म्हणू लागला, ‘माल्त्साइट!’ मी शब्दकोश पाहिला. अर्थ होता, जेवणवेळ. म्हणजे दुपारी माणूस भेटला की नमस्कार नाही, शुभ दिवस नाही, थेट जेवणाची आठवण. मला एकदम आपल्या गल्लीत आल्यासारखं वाटलं. आपल्याकडे ‘जेवणं झाली का?’ हा प्रश्न जेवणाबद्दल नसतोच, तो माणसाबद्दल असतो. तिथेही तसंच.

दुसरं नवल वाढदिवसाचं. ज्याचा वाढदिवस, त्यानेच केक आणायचा, सगळ्यांना वाटायचा, आणि शुभेच्छा मात्र त्या दिवशीच घ्यायच्या. आदल्या दिवशी कोणी शुभेच्छा दिल्या तर ते अशुभ मानतात. इतक्या यंत्रांच्या देशात हा शकुन-अपशकुन पाहून मला बरं वाटलं.

तिसरं मात्र पचायला वेळ लागला. एक सहकारी मला म्हणाला, ‘घरी कॉफीला ये.’ मी म्हटलं, ‘आज संध्याकाळी येतो.’ त्याने खिशातून डायरी काढली, पानं उलटली आणि म्हणाला, ‘तीन आठवड्यांनी, शनिवारी, साडेतीनला.’ आपल्याकडे तीन आठवडे आधी फक्त लग्नाची पत्रिका येते. पण त्या शनिवारी साडेतीनला गेलो तेव्हा टेबलावर दोन प्रकारचे केक होते, फुलं होती, आणि घरातली चारही माणसं फोन बाजूला ठेवून आमच्यासाठी बसली होती. वेळ आधी ठरवतात, पण ठरवलेला वेळ पूर्ण देतात.

आता रविवार. तिथे रविवारी दुकानं बंद. किराणा बंद, कपड्यांची दुकानं बंद, मोठाले मॉलसुद्धा बंद. आपल्यासारख्या, पाहुणे दारात आल्यावर साखर आणायला पोराला पळवणाऱ्या माणसांना हे अवघडच. नुसती दुकानं बंद नाहीत, तर भिंतीला छिद्र पाडायचं नाही, गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही. आणि ही नुसती रीत नाही. रविवार हा कामापासून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून कायद्याने राखला जाईल, असं त्यांच्या 1919 च्या राज्यघटनेत लिहिलं होतं. पुढे दुसरं महायुद्ध झालं, देश बेचिराख झाला, 1949 मध्ये नवी राज्यघटना आली, तरी ते कलम त्यांनी तसंच ठेवलं. घर उभं करायला पैसा नव्हता, पण सुट्टी उभी ठेवली.

खाण्याकडे वळतो, कारण त्याशिवाय तुम्ही मला खाली बसू देणार नाही.

ब्रेमरहाफेनच्या पश्चिमेला पूर्व फ्रिसिया नावाचा भाग आहे. जर्मनी कॉफीचा देश, पण हा भाग चहाचा. दरडोई चहा पिण्यात ही माणसं जगात पहिल्या काही जणांत बसतात. तिथल्या चहात मुख्य असतो आपला आसामचा चहा. कपात आधी खडीसाखरेचा खडा टाकतात. त्यावर गरम चहा ओतला की खडा तडकतो. तो आवाज ऐकायला सगळे क्षणभर गप्प होतात. मग वरून हलक्या हाताने थोडी साय सोडायची आणि ढवळायचं नाही. आधी सायीची चव, मग कडू चहा, शेवटी तळाची साखर. कमीत कमी तीन कप घ्यायचे, आणि नको असेल तेव्हा चमचा कपात उभा ठेवायचा, नाहीतर यजमान ओततच राहतो. आपल्याकडे आग्रह थांबवायला पाहुण्याला ताटावर आडवं व्हावं लागतं. तिथे चमच्यावर भागतं.

हिवाळ्यात मात्र मला खरोखर खानदेश भेटला. तिथे ‘ग्रुनकोल’ नावाची कोबीच्या जातीची हिरवी, कुरळ्या पानांची भाजी असते. पहिलं हिव पडल्याशिवाय तिला चव येत नाही असं म्हणतात. थंडी पडली की मित्रांची टोळी, ऑफिसातली माणसं, क्लबातली माणसं एक छोटी हातगाडी घेऊन शेतांमधून पायी निघतात. गाडीत थंडीवरचं औषध असतं, त्याचं नाव मी सरांसमोर घेत नाही. वाटेत खेळ खेळतात, थट्टा करतात, आणि दोन-तीन तास चालून एखाद्या खानावळीत पोचतात. तिथे तासन्‌तास शिजवलेली ती भाजी बटाट्याबरोबर आणि मांसाबरोबर खातात. मी भाजी आणि बटाट्यावर भागवायचो. शेवटी त्या दिवसाचा ‘कोबीचा राजा’ निवडतात, आणि पुढच्या वर्षीची सहल राजाने आयोजित करायची असते.

आता मला सांगा, ही भरीत पार्टी नाही तर काय? थंडी हवी, शेत हवं, मित्र हवेत आणि एका भाजीचं निमित्त हवं. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ही बातमी मी तिथल्या मित्रांना मोठ्या ऐटीत सांगितली होती. काड्यांवर वांगी कशी भाजतात, सोलून बडगीत कशी कुटतात, त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात कशी जाते, हे मी हातवारे करून सांगत होतो. एकाने विचारलं, ‘आणि हे सगळं पुरुष करतात?’ मी छाती पुढे काढून म्हटलं, ‘हो, भरीत पुरुषच करतात.’ त्या ‘हो’कडे मी पुन्हा येणार आहे.

आता संध्याकाळ. आजच्या बोलण्याचा खरा विषय तोच आहे.

पुष्कळ जर्मन घरांत गरम जेवण एकदाच, दुपारी. संध्याकाळच्या जेवणाला ते ‘आबेंटब्रोट’ म्हणतात, म्हणजे सरळ सरळ ‘संध्याकाळची पोळी’. पण ती पोळी नव्हे, पाव. त्यांच्या पावाचे तीन हजारांवर प्रकार नोंदलेले आहेत. लाकडी पाटावर पाव, लोणी, चीज, काकडी, टोमॅटो, लोणच्यासारखी खारवलेली काकडी. ज्याचं त्याने कापायचं, लावायचं, खायचं. दहा मिनिटांत जेवण, पाच मिनिटांत भांडी. भाजी नाही, फोडणी नाही, चूल नाही. सुरुवातीला मला हे उपाशी झोपण्यासारखंच वाटायचं.

2014 च्या उन्हाळ्यात आई तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली. साक्रीहून पहिल्यांदाच इतक्या लांब. बॅगेत बिबड्या, कळण्याचं पीठ, तिखट आणि एक तवा. जून महिना होता. तिकडे जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. आईला आधी तेच पटेना. तिचा सगळा दिवस दिन बुडण्याशी बांधलेला, आणि तिथे दिन बुडायलाच तयार नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, एकट्या. नवरा वारलेला, मुलं दुसऱ्या शहरांत. त्यांनी आम्हाला संध्याकाळच्या जेवणाला बोलावलं, अर्थात दहा दिवस आधी. आईने तो पाव, ते चीज, ती काकडी पाहिली. आपल्याला बोलावून बाईने स्वयंपाकच केला नाही, असा तिचा समज झाला असावा. मी तिला सांगितलं, इथे रोजच असं असतं. आई थोडा वेळ गप्प बसली आणि मला म्हणाली, ‘मंग आठल्या बाया दिन बुडता काय करतस?’

मी तो प्रश्न जर्मनमध्ये आजींना सांगितला. त्यांनाही तो मोठा गमतीचा वाटला. म्हणाल्या, ‘काही नाही. फिरते. बसते. वाचते. संध्याकाळ असते ना माझी.’

त्यांच्या भाषेत काम संपल्यानंतरच्या वेळेला एक स्वतंत्र शब्द आहे, ‘फायरआबेंट’. फायर म्हणजे सण, आबेंट म्हणजे संध्याकाळ. रोजचं काम संपलं की रोजचा छोटासा सण. आईला मी तो शब्द समजावून सांगितला. ती म्हणाली, ‘रोज सण? आपला सण म्हणजे तर दुप्पट काम.’

मित्रांनो, हे वाक्य मी नंतर बराच काळ डोक्यातून काढू शकलो नाही.

त्या आजींचा गावाबाहेर एक बगीचा होता. जर्मनीत शहरातल्या माणसांना असे छोटे तुकडे भाड्याने मिळतात, त्यांना श्रेबरगार्टन म्हणतात. कायद्याप्रमाणे तुकडा साधारण चारशे चौरस मीटरपेक्षा मोठा नसावा, म्हणजे आपले चार गुंठे. त्यात चोवीस चौरस मीटरची खोपटी बांधता येते, पण कायमचं राहता येत नाही, आणि फळं-भाजी लावावीच लागते. आई तो तुकडा पाहून हसली. म्हणाली, ‘इतलुसं वावर?’ आपल्याला शेत म्हणजे काम. त्यांना शेत म्हणजे सुट्टी. तरी आईने शनिवारी सगळं तण काढून टाकलं. भाषा येत नव्हती, पण खुरपं येत होतं. आजी खूश.

दुसऱ्या दिवशी रविवार. आईने पुन्हा खुरपं उचललं, तेव्हा आजींनी ते तिच्या हातातून हळूच काढून घेतलं, झाडाखालच्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, ‘झोन्टाग.’ म्हणजे रविवार. आई बसली. पाच मिनिटं पदर सारखा केला, दहा मिनिटं हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. मग तिने पाय पसरले. त्या झाडाखाली ती दोन तास बसून होती. माझं वय तेव्हा पस्तिशीच्या पुढे होतं, आणि काही न निवडता, न चिरता, न शिवता, न दळता नुसती बसलेली आई मी त्या दिवशी प्रथम पाहिली.

तिकडे सगळं सोन्याचं आहे असं मात्र समजू नका. त्याच आजींकडे रविवारी कोणी फिरकायचं नाही. ती शांतता बाहेरून ऐकायला छान, पण आत एकट्याने बसायला जड. मुलं यायची तीही डायरीत लिहून. आईला हे बघवेना. एका संध्याकाळी तिने डाळ-बट्टी केली आणि न विचारता, न कळवता वाटी घेऊन खाली गेली. बेल वाजवली. आजी दारात थक्क. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली, स्वच्छ घासून, पुसून, रिकामी. आई मला म्हणाली, ‘वाटी रिकामी धाडस का कोणी?’ मी आजींना आपली रीत समजावली, की आमच्याकडे शेजारची वाटी रिकामी परत जात नाही, चिमूटभर साखर तरी जाते. पुढच्या वेळी वाटीत त्यांच्या बगीच्यातली लाल आंबट फळं आली. मग ती वाटी तीन महिने जिन्यावर वर-खाली करत राहिली. आई परत निघाली तेव्हा आजींनी वाटी ठेवून घेतली, आणि आई घेऊन आली ती संध्याकाळ.

हो, ती संध्याकाळ घेऊन आली. साक्रीला परतल्यावर महिनाभरात आईने घरात जाहीर केलं, रविवारी दिन बुडल्यावर स्वयंपाक नाही. दुपारची भाकरी, दही, चटणी, भाजलेली बिबडी, कांदा. ज्याने त्याने घ्यायचं, आपलं ताट आपण घासायचं. पहिल्या रविवारी वडिलांनी विचारलं, ‘आज उपास शे का?’ कुकरची शिट्टी ऐकू आली नाही म्हणून शेजारच्या काकू विचारायला आल्या, घरात कोणी आजारी आहे का. माझ्या वहिनीला तर दोन रविवार संशय होता, की ही सासूबाईंची आपल्याला जोखायची नवी पद्धत आहे. तिसऱ्या रविवारी त्या दोघी कान नदीकडे फिरायला गेल्या. आता या गोष्टीला दहा वर्षं होतील. वडील आता काही विचारत नाहीत. दही त्यांचं तेच लावतात आणि फार छान लावतात.

मी विचार करू लागलो, की सुट्टी ही आपल्याकडे नवीन का वाटावी? ती तर आपल्याकडेही लढून मिळवलेली आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्यातून एक दिवस विश्रांती मिळावी म्हणून ते वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा कुठे 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण ज्या रविवारी पाय पसरून टीव्ही बघतो, तो आपल्याला कोणी आयता दिलेला नाही.

आणि त्याही आधीपासून आपल्या खानदेशात कष्टकऱ्याच्या विश्रांतीचा हिशोब होता. बैलाला पोळा आहे, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. सालदाराला आखाजी आहे, जुनं साल संपतं, नवं ठरतं. बाईलाही आखाजीच आहे. सासुरवाशीण माहेरी येते, झाडाला झोका बांधतात, गवराईची गाणी होतात. मला वाटतं, आखाजी हा आपल्या आई-आज्यांचा ‘फायरआबेंट’ होता, फक्त तो रोज यायचा नाही, वर्षातून एकदा यायचा. आणि त्यातही एक गोम आहे. लेक झोक्यावर असते, पुरुष पारावर पत्ते कुटत असतात, तेव्हा घरात खापरासमोर घामाने निथळत पुरणपोळी कोण थापत असतं? तिची आई. तिची वहिनी. म्हणजे एकीच्या सुट्टीचं भाडं दुसरी भरते.

आता तुम्ही म्हणाल, मेळाव्यात हा विषय कशाला? सांगतो. दोन महिन्यांपासून आपला व्हॉट्सॲप ग्रुप चालू आहे. मी सगळे संदेश पुन्हा वाचले. आपण मुलांनी काय विचारलं? राहायची सोय काय, जेवणात शेवभाजी आहे का, गाणी कोण म्हणणार. मुलींनी काय विचारलं? जवळजवळ प्रत्येकीचा एकच प्रश्न, ‘कार्यक्रम किती वाजता सुटेल?’ एकीने लिहिलं होतं, ‘सातपर्यंत घरी पोचायला हवं, स्वयंपाक आहे.’ आपल्या वर्गात गणितात पहिली येणारी ती मुलगी. तीस वर्षांनी एकदा भेटतोय आपण, आणि तिचं लक्ष घड्याळाकडे आहे. ती आत्ताही समोर बसली आहे आणि आत्ताही घड्याळ बघते आहे.

मी इथे कोणाला उपदेश करायला उभा नाही. वाटी रिकामी न पाठवणारं आपलं गाव मला त्या शांत रविवारपेक्षा शंभरपट प्रिय आहे, म्हणून तर परत आलो. पण तिकडची एक गोष्ट आणण्यासारखी होती, आणि ती माझ्याआधी माझ्या आईने ओळखली. तिला ना पैसा लागतो, ना व्हिसा. आठवड्यातून एक संध्याकाळ चूल थंड ठेवायची, बस.

उद्या सकाळी आपली भरीत पार्टी आहे. संयोजकांनी कामाचं वाटप फळ्यावर लिहिलंय. वांगी भाजणे, पुरुष मंडळी. कुटणे, पुरुष मंडळी. खाली एक ओळ आहे, ‘कळण्याच्या भाकरी, महिला वर्ग, घरून करून आणणे.’ मघाशी मी त्या ‘हो’बद्दल म्हटलं होतं, ते हेच. भरीत आपण करतो आणि गावभर सांगतो. भाकरी पहाटे चारला उठून कोणीतरी थापते आणि ती गोष्ट सांगण्यातच येत नाही.

तर माझी एक सूचना आहे आणि सरांनी तिला अनुमोदन द्यावं अशी विनंती आहे. ती शेवटची ओळ पुसून टाकू. पीठ मी आणलं आहे, तीन तवे आणले आहेत, आणि आईकडून आठ दिवस शिकवणीही घेतली आहे. उद्या भाकरी मुलं करतील. मुलींनी यायचं, झाडाखाली खुर्च्या मांडल्या असतील, तिथे बसायचं. भाकरी जाड होतील, फाटतील, एखादीचा भारताऐवजी भलताच नकाशा होईल. चालेल. कोणी उठून ‘सरक, मी करते’ म्हणायचं नाही, एवढी एकच अट.

आणि उद्या किती वाजता सुटणार, याचं उत्तर, पोट भरल्यावर आणि गप्पा संपल्यावर.